विचारलं होतं का?




मागच्या महिन्यात आमच्या सासूबाईंचं (वय 79) पोटाचं ऑपरेशन झालं. हर्नियात आतडं अडकलं होतं, रातोरात करावं लागलं. आपण सर्वांनी नामस्मरण केलं, डबे पोचवले, ते ऋण आहेच. पण त्या दिवसांतली एक गोष्ट मनात सलते आहे.

राउंडला सर्जन आले आणि औषध लिहिण्याआधी त्यांनी मोबाइल काढला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. यांना एवढंही पाठ नाही? मुलाने तर विचारलंच. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल दिसतो, पण आजींचं वय एवढं आणि वजन 41 किलो. अशा माणसाची किडनी रिपोर्टवरून वाटते त्यापेक्षा बरंच कमी काम करते. ॲपमध्ये वय, वजन, क्रिएटिनिन टाकलं की अंदाज येतो, मग अँटिबायोटिकचा डोस ठरवायचा. सूत्र 1976 चं, पूर्वी कागदावर मांडायचे. म्हणजे पडताळून बघणारा डॉक्टर आम्हाला कच्चा वाटला, न बघता लिहिणारा हुशार वाटला असता! (फोन ठेवल्यावर त्यांनी हात पुन्हा स्वच्छ केले, हेही सांगायला हवं.)

संध्याकाळी टाक्यांतून पाणी येऊ लागलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंना सरांना फोटो पाठवायचा होता. त्यांनी आम्हाला नाही, सासूबाईंना वाकून विचारलं, “आजी, जखमेचा फोटो पाठवू का? चेहरा येणार नाही.” त्यांनी मान हलवली, मगच काढला.

आणि आम्ही? आदल्या रात्रीच नाकात नळी, केस विस्कटलेले, अंगावर हॉस्पिटलचा झगा, असा त्यांचा फोटो “प्रार्थना करावी” लिहून तीन ग्रुपांवर टाकला होता. ज्या बाई पदर सारखा केल्याशिवाय दार उघडत नाहीत त्यांचा! घरी आल्यावर भाचीच्या फोनवर त्यांनी तो पाहिला. एवढंच म्हणाल्या, “डॉक्टरांनी विचारलं गं मला.”

आमच्याकडे उत्तरं होती. त्या शुद्धीवर नव्हत्या. भावना चांगली होती. फोटो बघूनच बडोद्याच्या वन्सं तातडीने निघून आल्या, तेही खरं. पण “आजी सीरियस आहेत” एवढ्यावर त्या आल्या नसत्या का? आणि शुद्धीवर नव्हत्या तर उलट जास्त जपायला हवं होतं. डॉक्टरांना नियम असतात. फोनवरून सल्ला देतानाही रुग्णाची संमती धरावी, असं 2020 च्या टेलिमेडिसिनच्या सरकारी सूचनांत आहे. घरच्यांना कोण नियम घालणार? परका माणूस विचारतो, कारण तो स्वतःला परका समजतो. आपण आपलेपणाच्या जोरावर विचारतच नाही. मग हे आपलेपण की मालकी? गुरुमाउलींपुढे नुसतं नाव घेतलं तरी पोचतं, असं आपण मानतो ना? मग फोटो नक्की कोणासाठी टाकला, याचं उत्तर आम्हाला अजून नीट देता येत नाही.

आठवड्याने फोटो काढायला गेलो तर सगळ्यांच्या फोनवरून तो जाईना. सासूबाई आता काठी घेऊन अंगणात फिरतात. तो फोटो आपल्याकडे आला असेल तर कृपया डिलीट करावा, पुढे पाठवला असेल तर त्यांनाही सांगावं.