लांब म्हणजे किती लांब?

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे माणूस कितीही रुसून निघून गेला, तरी तो आपल्यापासून २०,००० किलोमीटरांहून लांब जाऊच शकत नाही. त्यापुढे पाऊल टाकलं की तो परत जवळच यायला लागतो! रुसणाऱ्यांची एवढी मोठी अडचण दुसऱ्या कोणी केली नसेल.

आमच्या नात्यात एक भाऊबहीण आहेत. भाऊ सिंगापूरला, बहीण न्यूयॉर्कला. दोन विमानतळांतलं अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. २०२० सालापासून सिंगापूरचं विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत मध्ये कुठंही न टेकता जातं, साधारण एकोणीस तासांत. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत बारा तासांचा फरक असतो. त्यामुळे मध्यरात्री निघालेला माणूस त्याच तारखेला सकाळी सातला तिकडे हजर! घड्याळाला विचाराल तर प्रवास सात तासांचा, कमरेला विचाराल तर एकोणीस. परतताना तेच घड्याळ एकतीस तास लावून उधारी वसूल करतं, हा भाग वेगळा.

बोटीचे दिवस होते तेव्हा ‘‘लांब आहे हो!’’ एवढं म्हटलं की भागायचं. अंतर मोठं सज्जन. कुणाचं बारसं चुकलं, कुणाचा दहावा चुकला, की सगळं खापर मुकाट्यानं स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायचं. विमानानं हा आडोसाच काढून घेतला. आता एकोणीस तासांवरचा माणूस आला नाही, तर त्याच्यापाशी रजा, पैसे किंवा इच्छा यांपैकी काहीतरी नाही, हे उघडच होतं.

मग येता येतं त्यानं यायलाच हवं का? आमचे शेजारी अण्णा म्हणतात, ‘‘हवंच! एकोणीस तास म्हणजे काय मोठंसं?’’ अण्णांचं काय जातं? तिकिटावर तास छापलेले असतात. तापानं फणफणलेलं मूल, साहेबाचा चेहरा आणि बँकेतली शिल्लक छापलेली नसते. दुसऱ्याचा प्रवास आपण तासांत मोजतो आणि स्वतःचा अडचणींत.

मला वाटतं, प्रत्येक वेळी येणं हे काही कर्तव्य नव्हे. पण न येण्याचं खरं कारण सांगणं हे नक्कीच कर्तव्य आहे. ‘‘रजा नाही,’’ ‘‘पैसे नाहीत,’’ अगदी ‘‘मन होत नाही,’’ असंसुद्धा म्हणावं. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण निदान तो खिडकीशी बसून विमानांचे तास मोजत राहणार नाही. आणि एकदा कारण सांगितलं, की ऐकणाऱ्यानंही त्याची उलटतपासणी करू नये.

हे मी अण्णांना ऐकवलं. त्यांना ते फार पटलं. तेव्हा मी भीत भीत विचारलं, की त्यांचे थोरले बंधू मागच्याच गल्लीत राहतात, चालत पाच मिनिटं. घराच्या वाटणीपासून अण्णा तिकडे फिरकलेले कसे नाहीत?

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘पाच मिनिटं कुठली? चांगलं लांब पडतं हो!’’