मूर्ती, पुतळा आणि घडवणारा हात

दगडातून माणूस घडवणे हे पाप आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये खुलेपणाने चर्चिला गेला. तिथले मुफ्ती मुहम्मद अब्दूह यांनी असे मत मांडले की, इस्लाममधली प्रतिमेची बंदी मूर्तिपूजेच्या भयातून आली. ते भय सरले की चित्र आणि शिल्प हे कवितेसारखेच ज्ञान जपण्याचे साधन ठरते. १९०८ मध्ये राजपुत्र युसुफ कमाल यांनी कैरोत कलाशाळा काढली. १८९१ मध्ये खेड्यात जन्मलेला महमूद मुख्तार तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे तो पॅरिसला शिकला. त्याचे ‘नहदत मिस्र’ (इजिप्तचे पुनरुत्थान) हे शिल्प लोकवर्गणीच्या मदतीने उभे राहिले आणि १९२८ मध्ये त्याचे कैरोत अनावरण झाले: उठू पाहणारा स्फिंक्स आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून पदर दूर सारणारी शेतकरी स्त्री, अस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटमध्ये.

त्याच १८९१ मध्ये अलिबागजवळच्या सासवण्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. मुंबईचे जे. जे. स्कूल, मग कोलकाता, १९२० मध्ये लंडन, असा त्यांचा प्रवास झाला. आणि पुण्यातला त्यांचा अश्वारूढ शिवपुतळाही १९२८ चाच.

करमरकरांपुढे मुख्तारसारखी प्रतिमाबंदीची अडचण नव्हती. कोकणात शाडूचा गणपती घडतो, डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि तोवर ती निव्वळ मातीच असते. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देव येतो, उत्तरपूजेने तो निघतो आणि माती पुन्हा पाण्यात जाते. देवत्व देणे-घेणे हे काम विधीचे, मूर्तिकाराचे नव्हे. पुतळ्याला तर असा विधीच नाही. तरीही जयंतीला हार पडतात, हात जोडले जातात. पूजेचे भय सरले हा अब्दूहांचा आधार इथे लटका पडतो.

याहून कठोर कसोटी कर्नाटकातल्या बसवकल्याणची. मराठी बोलणाऱ्या घरांच्याही कानावर इथे बसवण्णांची वचने पडतात. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्यासोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, देवळातल्या स्थावरलिंगाऐवजी तळहातावरचे इष्टलिंग पुढे केले. देऊळ बांधण्याची ऐपत नसलेल्याचा देह हेच त्याचे देऊळ, असे म्हटल्यावर देव आणि भक्त यांच्यातला पुजारी व धनिक दोघेही गळाले. आज त्याच गावी बसवण्णांचा १०८ फुटी पुतळा आहे. यात विसंगती आहेच, पण ती पुतळ्यात नाही. त्याला नमस्कार करून कायक (श्रम) आणि दासोह (वाटून देणे) विसरणाऱ्यात आहे.

शरणांचा आक्षेप मध्यस्थीवर होता, छिन्नीवर नव्हे. म्हणून अब्दूहांचा निष्कर्ष बरोबर आणि कारण अपुरे: पूजेचा धोका संपत नाही, पण त्याचा दोष शिल्पकाराच्या माथी मारता येत नाही.