डावा डोळा, उजवा डोळा आणि ओळखणारा

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्मा सिद्ध करण्यासाठी जे पुरावे दिले आहेत, त्यांतला एक डोळ्यांचा आहे. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू पुढे उजव्या डोळ्याने पाहिली तरी ‘ही तीच’ अशी ओळख पटते. पण एकाने पाहिलेले दुसऱ्याला ओळखता येत नाही; थोरल्या भावाने पाहिलेले गाव धाकट्याला आठवत नाही. तेव्हा दोन्ही डोळ्यांहून वेगळा, दोघांच्याही द्वारे पाहणारा कोणी एक असला पाहिजे. न्यायमताप्रमाणे तोच आत्मा.

यावर पूर्वपक्ष असा, की डोळे मुळात दोन नाहीतच. डोळा एकच आहे, मध्ये नाकाचे हाड आल्यामुळे दोन असल्यासारखे वाटते. सिद्धान्ती उत्तर देतो: एक डोळा गेला तरी दुसरा शाबूत राहतो, मग ते एक कसे? पूर्वपक्षी मागे हटत नाही. फांद्या तोडल्या तरी झाड उरतेच, असे तो म्हणतो. पुढे न्यायपरंपरेतल्याच उद्योतकरांचा कल नेत्रेंद्रिय एकच मानण्याकडे झाला, आणि पाच इंद्रियांची गणती पाहता ते स्वाभाविकही होते.

बौद्धांपुढचा प्रश्न वेगळा होता. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात डोळे दोन असले तरी चक्षुधातू एकच धरला आहे, कारण दोघांची जात एक, विषय एक आणि त्यांतून उपजणारे विज्ञानही, म्हणजे जाणीवही, एक. दोन का, तर शोभेसाठी! पाहणे मात्र दोन्ही डोळ्यांनी होते, कारण तसे अधिक स्पष्ट दिसते. पुराव्यादाखल एक अनुभव येतो: एक डोळा उघडा आणि दुसरा अर्धवट मिटलेला ठेवला तर दोन चंद्र दिसतात. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शिव-शक्तीच्या ऐक्याला दृष्टान्त दिले, त्यांतही डोळ्यांची जोडी आणि त्यांची एकच दृष्टी आहे. तिथे ते ऐक्य उघड, सर्वांना ठाऊक म्हणून घेतले आहे.

नेत्रतज्ज्ञाच्या खोलीत मात्र हे ऐक्य गृहीत धरत नाहीत, तपासतात. मुलाला दूरच्या एका अक्षराकडे पाहायला सांगतात. डाव्या डोळ्यासमोर काळी पट्टी येते आणि डॉक्टरांची नजर उजव्या डोळ्यावर असते. तो जागचा हलला नाही तर ठीक. पण डावा झाकताक्षणी उजवा किंचित सरकून अक्षरावर येऊन बसला, तर इतका वेळ तो भलतीकडे रोखलेला होता. म्हणजे तिरळेपणा आहे. मग पट्टी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर अशी फिरवत राहतात. आता पाहायचा तो नुकताच उघडा झालेला डोळा. पट्टीआड असताना तो थोडा कलला असेल, तर उघडा होताच झटकन जागेवर येतो. किती सरकला, हे प्रिझम लावून मोजता येते. असा थोडासा सुप्त कल बहुतेक निरोगी माणसांत सापडतो. म्हणजे सरळ दिसणारे डोळेही क्षणोक्षणी सरळ ठेवले जात असतात. आडोसा मिळाला की ती पकड सुटते.

दुसरी चाचणी पेनाच्या टोकाची. टोक हळूहळू नाकाकडे आणत जायचे. दोन्ही डोळे आत वळतात, बाहुल्या आकसतात आणि भिंग फुगते. तिन्ही गोष्टी एका आज्ञेत होतात. भिंगाभोवतीचा स्नायू आवळला की भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात आणि ते आपल्याच लवचीकपणाने गोलसर होते, हे हेल्महोल्ट्झ यांनी 1855 साली मांडले. वयाबरोबर ती लवचीकता आटते. मराठीत वयाच्या त्या टप्प्याला आणि त्या वेळी लागणाऱ्या चष्म्याला एकच शब्द आहे: चाळिशी. भिंगाची ताकद पाहताना एकेक डोळा झाकून बारीक अक्षर जवळ आणतात आणि ते कुठे पुसट होते ते टिपतात. दोघांची जोडी पाहताना दोन्ही डोळे उघडे ठेवून पेन कुठे ‘फुटते’ ते पाहतात. साधारणपणे नाकापासून 6 ते 10 सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसते. त्याच्या आत एकाची दोन टोके होतात, अगदी वसुबंधूंच्या चंद्रासारखी.

नाकाच्या हाडाचा पूर्वपक्षही इथे पुरता हरलेला नाही. एवाल्ट हेरिंग यांनी 1868 साली दाखवले, की हालचालीच्या बाबतीत दोन डोळे एकाच दुहेरी अवयवासारखे वागतात. दोघांच्या जोडीच्या स्नायूंना सारखीच आज्ञा जाते.

पण तिरळ्या मुलाला दोन चंद्र दिसतात का? बहुधा नाही. लहान वयात मेंदू एका डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. वर्थ यांच्या चार दिव्यांच्या चाचणीत हे कळते. समोर एक लाल, दोन हिरवे आणि एक पांढरा दिवा. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. चार दिसले तर चित्रे जुळताहेत, पाच दिसले तर एकाची दोन होताहेत. दोनच दिसले तर डाव्याचे चित्र दाबलेले, तीनच दिसले तर उजव्याचे. काही मुले कधी उजव्या, कधी डाव्या डोळ्याने पाहतात आणि दोन्ही चित्रे त्यांच्यात कधीच जुळत नाहीत. तरी आईचा चेहरा ती कोणत्याही डोळ्याने ओळखतात.

वादाचा गुंता इथे सुटू लागतो. चित्र एक होणे वेगळे आणि ओळखणारा एक असणे वेगळे. वसुबंधू आणि अमृतानुभवातला दृष्टान्त पहिल्याविषयी बोलतात, न्यायसूत्र दुसऱ्याविषयी. म्हणून तिरळेपणाने न्यायाच्या युक्तिवादाला धक्का लागत नाही, उलट तो अधिक स्वच्छ दिसतो: चित्रे जुळली नाहीत तरी ओळख पटतेच.

त्याला खरा धक्का 1950 च्या दशकात बसला. प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले मज्जातंतू वाटेत पलीकडे जातात, त्यामुळे मेंदूच्या दोन्ही गोलार्धांना दोन्ही डोळ्यांची खबर मिळते. रोनाल्ड मायर्स आणि रॉजर स्पेरी यांनी मांजरांमध्ये तंतूंची ही फुली छेदली, तेव्हा एका डोळ्याने शिकलेली आकृती मांजर दुसऱ्या डोळ्यानेही ओळखत होते. मग गोलार्धांना जोडणारा पूलही छेदला. आता डाव्या डोळ्याने शिकलेले उजव्या डोळ्याला नवेच होते. ‘ही तीच’ ही ओळख तंतूंच्या दोन जुडग्यांवर उभी होती.

नैयायिक यावर निरुत्तर होत नाही. हत्यार मोडले म्हणून कारागीर नाहीसा होत नाही. आत्म्याला जाणायला मन आणि इंद्रिये लागतातच, असे तो म्हणेल. हे उत्तर सुसंगत आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. दोन डोळ्यांमधली ओळख हत्यारांच्या जोडणीनेच होते असे एकदा मान्य केले, की त्या ओळखीवरून कारागीर सिद्ध करता येत नाही. डोळा स्वतः पाहणारा नाही, एवढा सूत्राचा निम्मा भाग टिकतो आणि तो पक्का आहे. उरलेल्या निम्म्यासाठी, म्हणजे आत्म्यासाठी, दुसरा पुरावा शोधावा लागतो.