अति दान हें दान राहतें काय?

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत प्रभूनें अंजिराच्या निष्फळ झाडाचा दाखला दिला आहे. त्यांतील माळी धन्याजवळ एक वर्षाची मुदत मागतो, आणि त्या मुदतींत झाडाभोंवतीं खणून खत घालण्याचें कबूल करतो. ह्या दाखल्यावर आमच्या मंडळ्यांतून पुष्कळ उपदेश होतात. परंतु माळ्यानें खणण्याचें नांव आधीं व खताचें मागून कां घेतलें, ह्याचा विचार क्वचितच होतो. खत हें झाडाच्या हितासाठीं दिलेलें दान आहे. मग जितकें दान अधिक तितकें हित अधिक, असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न जसा शेताचा तसाच नीतीचाही आहे. आमचे वाचक बहुतेक शेतकरी, अथवा शेतकऱ्यांत काम करणारे उपदेशक आहेत. म्हणून तो शेतापासूनच सोडविण्यास आरंभ करूं.

सातपुड्याच्या रानांत सागाला कोणी खताची गोणी नेऊन घालीत नाहीं. उन्हाळ्यापूर्वीं पानें गळतात, पावसाळ्यांत तीं कुजतात, आणि त्यांतील सत्त्व पुन्हां मुळांकडे जातें. हें काम करणारे मजूर डोळ्यांस दिसत नाहींत. चिमूटभर चांगल्या मातींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु असतात, आणि त्यांच्यामधून बुरशीचे केसाहून बारीक धागे पसरलेले असतात. कित्येक बुरशी मुळांशीं संबंध जोडून राहतात. त्या दूरच्या मातींतून नत्र, स्फुरद व पाणी आणून झाडास देतात. आणि झाड आपल्या पानांत तयार केलेल्या साखरेचा वांटा त्यांस देतें. कित्येक झाडांत हा वांटा दशमांशाहूनही अधिक असतो, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. दोघेंही देतात व दोघेंही घेतात.

ह्या व्यवहारांत बाहेरून वर्षानुवर्षें फुकट नत्र येत राहिलें तर काय होईल? ह्याची परीक्षा अमेरिकेंत झाली आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांतांत पीटरशॅम गांवीं हार्वर्ड विद्यापीठाचें संशोधनाचें रान आहे. तेथें १९२६ सालीं तांबड्या पाइनचीं झाडें लावून एक बन केलेलें होतें. १९८८ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या बनांत व शेजारच्या पानगळीच्या रानांत तुकडे आंखले. कांहींस दर हेक्टरीं वर्षाला ५० किलो नत्र, कांहींस १५० किलो, आणि कांहींस मुळींच नाहीं, असा क्रम त्यांनीं ठेविला. आपल्या हिशेबानें पहिलें प्रमाण एकरीं युरियाच्या सुमारें एका गोणीइतकें, व दुसरें तीन गोण्यांइतकें होतें.

पानगळीच्या झाडांची वाढ खतानें वाढली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु पाइनच्या बनांत, जेथें सर्वांत अधिक नत्र पडलें, तेथें २००२ सालापर्यंत निम्म्याहून अधिक झाडें मरून गेलीं. जमिनीखालीं तर दोन्हीं ठिकाणीं एकच गोष्ट आढळली. सूक्ष्म जंतूंचा, विशेषतः बुरशीचा, भार घटला. पाचोळा कुजण्याचा वेग मंदावला. व न कुजलेला पाचोळा सांचत गेला. कारण समजण्यास कठीण नाहीं. ज्या झाडास नत्र आयतें मिळतें तें मुळांशीं राहणाऱ्या बुरशीस पोसण्याचें कमी करितें. ज्या बुरशी लांकडाचा कठीण भाग फोडून कुजवितात त्यांचेंही काम मंदावतें. आणि झाडाच्या गरजेपलीकडचें नत्र पाण्याबरोबर झिरपूं लागलें म्हणजे चुना व मॅग्नेशियम ह्यांसही ओढून नेतें. अशा रीतीनें एका वस्तूची रेलचेल दुसऱ्या वस्तूंचें दुर्भिक्ष उत्पन्न करिते.

परदेशच्या रानाचा न्याय जसाच्या तसा खानदेशास लावूं नये. तेथील जमीन मुळांतच आंबट. आमच्या काळ्या जमिनींत चुनखडीचा अंश असल्यामुळें ती लवकर आंबट होत नाहीं. परंतु आमच्या जवळही साक्ष आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठांत त्याच १९८८ सालापासून ज्वारी व गहूं ह्या पिकांवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालविला गेला. तेथील काळ्या जमिनींत असें दिसलें कीं, केवळ नत्र दिलेला तुकडा मागें पडतो. आणि जेथें नत्र, स्फुरद व पालाश ह्यांच्या जोडीला शेणखतही पडतें, तेथें मातीचा सेंद्रिय कर्ब व सूक्ष्म जंतु सर्वांत अधिक असतात. म्हणजे दोष नत्राचा नव्हे. एकटेपणाचा व अमर्यादपणाचा आहे.

पिंप्राळ्याच्या आसपासचा कापूस घ्या, किंवा रावेर, यावल, चोपडा ह्या भागांतील केळी घ्या. केळीस दर झाडीं २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. पांच फुटांवर लागवड असल्यास तें एकरीं युरियाच्या सुमारें सतरा गोण्यांइतकें होतें. केळीची भूक मोठी आहे व घड बाजारांत जातो, म्हणून तिला अधिक लागतें हें खरें. परंतु शेजाऱ्यानें एक गोणी अधिक टाकली म्हणून आम्हीही टाकावी, ही भूक केळीची नव्हे, आमची आहे. ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यानें फुलावर आलेल्या हरभऱ्याचें रोप हलक्या हातानें उपटून मुळें पाहावीं. त्यांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र धरून रोपास देतात. गांठ फोडल्यास आंत तांबूस रंग दिसतो. जेथें युरिया सढळ पडला आहे तेथें ह्या गांठी थोड्या व लहान दिसतील.

येथें कोणी म्हणेल, पाळकसाहेब, उपाशी घरास असें तत्त्वज्ञान सांगूं नका. हा आक्षेप योग्य आहे. फ्रिट्झ हाबर ह्यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, आणि १९५१ सालीं सिंद्री येथें आपल्या देशांतील मोठा खतकारखाना सुरू झाला. ह्या खतानें असंख्य मुखांत अन्न पडलें, त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. रानांत मान्ना पडला तोही दानच होता. तथापि निर्गमाच्या १६ व्या अध्यायांत आपण वाचतों कीं, ज्यांनीं तो दिवसाच्या गरजेपलीकडे सांठविला त्यांच्या भांड्यांत किडे पडले. दान तेंच, दाता तोच. मर्यादा ओलांडतांच फळ निराळें.

तेव्हां दानाची कसोटी ही कीं, तें घेतल्यावर घेणारा आपल्या सोबत्यांशीं अधिक बांधला जातो, कीं त्यांजपासून तुटतो? जें दान घेणाऱ्यास इतरांची गरज विसरावयास लावतें, तें वरून हिरवेपणा देतें व मुळें उघडीं पाडतें. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत पौल सांगतो कीं, शरीराचे जे अवयव अशक्त भासतात तेच अगत्याचे आहेत. मातींतील हे अदृश्य मजूर त्या शिकवणीचें जिवंत उदाहरण होत.

आमच्या मंडळ्यांनींही ह्या कसोटीस उतरावें. जेथें उपदेशकाचें वेतन, प्रार्थनामंदिराचीं कौलें व सणाचा खर्च सर्व बाहेरून येतें, तेथें मूठभर धान्य बाजूस काढणारी विधवा आपोआप निरुपयोगी ठरते, आणि आजाऱ्याच्या घरीं जाणें हें पगारी माणसाचें काम होऊन बसतें. ना. वा. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला, त्यांतही भारतीय ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या मुळांवर उभें राहावें हीच तळमळ होती. बाहेरची मदत पाप नव्हे. ती एकटी व निरंतर असूं नये. तिच्याबरोबर घरची मूठ पडलीच पाहिजे.

माळ्यानें प्रथम खणण्याचें नांव घेतलें, ह्याचा अर्थ आतां आम्हांस असा दिसतो कीं, दान देण्यापूर्वीं मुळांची स्थिति जाणून घ्यावी. म्हणून पेरणीपूर्वीं मातीची परीक्षा करून घ्या. पऱ्हाट्या व केळीचे खुंट जाळूं नका, ते कुजवून शेतास परत द्या. आणि लेवीयाच्या २५ व्या अध्यायांतील भूमीच्या विसाव्याचें स्मरण ठेवून कापसामागून कापूस न घेतां मूग, उडीद, हरभरा ह्यांस पाळी द्या. ही भूमि आमच्या मागून येणाऱ्यांचीही आहे. जो प्रभु चिमणीची गणना ठेवितो, तो मातींतील ह्या लहान जीवांचाही हिशेब आमच्याजवळ मागेल.