कच्चे अन्न आणि साधे अन्न



अलीकडे आपल्या घराघरांत आहाराचा विषय निघतो. कोणाची साखर वाढलेली असते, कोणाचे वजन. कोणाला डॉक्टरांनी तेल-मीठ कमी करायला सांगितलेले असते. त्यातूनच काही जण न शिजवलेल्या अन्नाकडे वळले आहेत. कच्च्या भाज्या, फळे, मोड आलेली कडधान्ये, भिजवलेले दाणे, ओले खोबरे असा हा आहार. तो कोणाला मानवेल आणि कोणाला नाही, हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे, धर्मगुरूचे नव्हे. पण त्या निमित्ताने एक प्रश्न उभा राहतो आणि तो नैतिक आहे. चूल बंद केली म्हणजे जेवण साधे झाले का?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. फोडणी नाही, वाटण नाही, तळण नाही. मग याहून साधे ते काय? परंतु प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. पहिल्या आठवड्यात काकडी, गाजर आणि केळे पुरते. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. मग बदाम, अक्रोड, अंजीर येतात. मग मोठ्या दुकानातून अ‍ॅव्होकॅडो आणि ब्रोकोली येते. मिक्सर दिवसातून चार वेळा फिरू लागतो. एका थाळीसाठी सतरा पदार्थ चिरायचे, भिजवायचे, किसायचे. घरातल्या बाकीच्यांना भात आणि कालवण हवेच असते, आजीला पेज हवी असते. म्हणजे ज्या माउलीला आजवर एक स्वयंपाक करावा लागत होता, तिला आता तीन करावे लागतात. त्याग एकाच्या नावावर जमा होतो आणि कष्ट दुसरीच्या वाट्याला येतात.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात कच्च्या आहाराचे सर्वांत प्रसिद्ध प्रयोग महात्मा गांधींनी केले. १८९३ साली प्रिटोरियात असताना त्यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहून पाहिले आणि रोजची टिपणे ठेवली. रात्रभर भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ आणि बेदाणे, शिवाय सुकामेवा, संत्री असा तो नाश्ता होता. पहिल्या दिवशी तो संपवायला त्यांना पाऊण तास लागला. सुमारे दोन आठवड्यांत तो प्रयोग त्यांनी सोडून दिला. पुढे जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी चूल जवळजवळ बंदच केली. यावेळी यादी लहान होती: कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. गरिबातल्या गरिबाला परवडेल असे खावे, हा त्यामागचा विचार होता.

खरी परीक्षा पुढेच झाली. १९१५ साली गांधीजी भारतात परतले आणि कलकत्त्याला भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी उतरले. पाहुणा फक्त फळे आणि सुकामेवा खातो हे यजमानांना ठाऊक होते. म्हणून शहरात मिळतील तेवढी सगळी फळे आणि मेवा मागवण्यात आला. घरातल्या स्त्रिया रात्रभर जागून मेव्याची सालपटे काढत बसल्या. गरिबाचे म्हणून स्वीकारलेले अन्न दुसऱ्यांच्या घरी राजाची मेजवानी होऊन बसले! गांधीजींनी हे आपल्या आत्मकथेत स्वतःच नोंदवले आहे. त्यांना ते बोचले. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले, की हिंदुस्थानात असेपर्यंत चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. आजारपणातले औषधसुद्धा त्या पाचांतच मोजायचे असे ठरवून त्यांनी पळवाट बुजवली.

या व्रतात एक बारकावा आहे. त्यांनी कच्चे की शिजवलेले हा मुद्दा बाजूला ठेवला आणि पदार्थांची संख्या मोजली. दुसऱ्याला आपल्यापायी किती राबावे लागते, हे संख्येवरून कळते. अन्न कच्चे असणे ही अन्नाची अवस्था आहे. साधेपणा हा खाणाऱ्याचा गुण आहे. एक असले की दुसरे आपोआप येते असे नाही.

ख्रिस्तसभेच्या विचारवंतांनी हे फार पूर्वी ओळखले होते. सात प्रमुख पापांत खादाडपणा येतो. खादाडपणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाच्या मांडवात भरभरून वाढून घेणारा माणूस येतो. पण सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी आणि त्यांच्या आधारे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. वेळेआधी खाणे, महागडे खाणे, अति खाणे आणि हावरेपणाने खाणे हे चार. पाचवा प्रकार म्हणजे अन्नाच्या तयारीविषयी नको तेवढा चोखंदळपणा. म्हणजे ज्याच्या पानात मूठभरच अन्न आहे, तोही खादाड असू शकतो! त्याचे पोट रिकामे असेल, पण त्याचे मन दिवसभर जेवणातच असते. सकाळी भिजत काय घालायचे, दुपारी चिरायचे काय, समारंभाला गेलो तर आपल्याजोगे तिथे काय असेल, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहते. ज्या अन्नाने मन मोकळे व्हावे, त्यानेच ते बांधले जाते.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, माझ्या तब्येतीसाठी मी हे करतो. त्यात पाप कुठले?’ खरे आहे, पाप मुळीच नाही. शरीर ही देवाची देणगी आहे आणि ते सांभाळणे कर्तव्य आहे. संत पौलानेही रोमकरांना लिहिताना, एक जण सर्व काही खातो आणि दुसरा केवळ भाजीपाला खातो, तरी दोघांनी एकमेकांना तुच्छ लेखू नये, असाच उपदेश केला. ताटाकडे पाहून माणसाची किंमत ठरवण्याचा अधिकार कच्चे खाणाऱ्याला नाही आणि शिजवलेले खाणाऱ्यालाही नाही. अग्नी काही अपवित्र नव्हे. पुनरुत्थित प्रभूने गालीलच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी विस्तवावर मासळी ठेवली होती. मिस्सेतील भाकरही भट्टीतूनच येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. देवाने इतकी विविधता निर्माण केली, तर पाच पदार्थांचे बंधन म्हणजे त्या आनंदाकडे पाठ फिरवणे नव्हे काय? आम्हांला वाटते, रुची नष्ट करण्यासाठी साधेपणा नसतो. उलट साध्या ताटातच रुची कळते. आपल्या वसईच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवली की सुकेळी तयार होतात. त्यांत साखर नाही, तूप नाही, विस्तव नाही. एक फळ, सूर्य आणि वाट पाहणारा शेतकरी एवढेच. चैत्र-वैशाखातले ताडगोळे, पावसाच्या तोंडावरची जांभळे, डहाणू-घोलवडचे चिकू, वाडीतली ओली काकडी, हे सारे आपल्याच पट्ट्यातले. एका वेळी एकच खाल्ले तर त्याची चव जिभेवर राहते. सगळे एकदम मिक्सरमध्ये घातले तर काय खाल्ले तेच कळत नाही.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्र शिकवताना मिलो नावाच्या पहिलवानाचे उदाहरण दिले आहे. दहा शेर अन्न फार आणि दोन शेर थोडे, म्हणून उस्तादाने सरसकट सर्वांना सहा शेर देऊ नये. जे मिलोला कमी पडेल ते नवशिक्याला जास्त होईल. सुवर्णमध्य हा प्रत्येकाच्या संदर्भात शोधायचा असतो. म्हणून शेजाऱ्याने चूल सोडली म्हणून आपण सोडू नये. ज्याचे आतडे आयुष्यभर मऊ भाताला सरावले आहे, त्याने एकाएकी कच्च्या भाज्यांचा ढीग खाल्ला तर पोट फुगणारच. गांधीजींनीही १९२९ साली साबरमती आश्रमात पुन्हा कच्च्या आहाराचा प्रयोग मांडला, अनेक आश्रमवासी त्यात सामील झाले. काही आठवड्यांनी त्यांना आमांश झाला आणि त्यांनी तो थांबवला. नंतरही वर्ध्याला असताना कच्च्या हिरव्या पाल्याचे महत्त्व ते सांगत राहिले, पण रोजच्या जेवणाची जोड म्हणून.

तेव्हा ज्यांना हा आहार सुरू करायचा आहे, त्यांच्यापुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. एका वेळच्या जेवणापासून सुरुवात करावी आणि शरीराला सवय होऊ द्यावी. त्या ताटात तीन-चार पदार्थ पुरेत: एक फळ, एक-दोन भाज्या, मूठभर भिजवलेले दाणे. आपल्या बाजारात टोपलीत जे आहे तेच घ्यावे. ते ताजे असते, स्वस्त असते आणि त्याचा पैसा आपल्याच वाडीवाल्याला मिळतो. कच्चे खायचे तर भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवावी, पावसाळ्यात तर विशेष काळजी घ्यावी. राजमा कधीही कच्चा खाऊ नये, तो विषारी असतो. गरोदर स्त्रियांनी कच्चे मोड टाळावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.

याहून महत्त्वाच्या सूचना तीन आहेत. पहिली, ज्याचा नेम त्याचीच विळी. वेगळे खायचे असेल तर स्वतः धुवावे, स्वतः चिरावे आणि भांडीही स्वतः घासावीत. विशेषतः पुरुषांनी हे मनावर घ्यावे. दुसरी, नेम कितीही कडक असला तरी घरच्यांबरोबर एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसावे. ताट वेगळे असले तरी चालेल, पंगत वेगळी नको. कोणाच्या दारी गेलात तर यजमानीण रात्र जागवेल अशी फर्माईश करू नये. वाढतील त्यातले चालेल ते थोडे घ्यावे आणि आभार मानावेत. प्रभूनेही शिष्यांना गावोगावी पाठवताना, समोर वाढतील ते खा, असेच सांगितले होते.

तिसरी सूचना वाचलेल्या पैशांची आणि वेळेची. चूल कमी पेटली तर गॅस वाचतो, तेल वाचते, तासभर वेळ वाचतो. तो जातो कुठे? संदेष्टा यशया विचारतो, की भुकेल्याला वाटा मिळत नसेल तर त्या उपवासाचा देवाला काय उपयोग? मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचाराचे केंद्र पुणे शहराऐवजी जवळच्या उरुळीकांचन या खेड्यात सुरू केले, कारण ज्या गरिबांसाठी ते होते ते शहरातल्या दवाखान्यात येणार नव्हते. आपल्याही धर्मग्रामात अशी घरे आहेत, जिथे गॅस संपला म्हणून चूल पेटत नाही. तिथे कच्चे खाणे हा प्रयोग नसतो. सिलिंडरचे वाचलेले पैसे एखाद्या महिन्यात अशा घरी पोहोचले आणि वाचलेल्या तासात एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाशेजारी आपण जाऊन बसलो, तर आपल्या ताटातली काकडी खरोखर साधी झाली असे आम्ही म्हणू.

या आठवड्यात जेवायला बसताना प्रत्येकाने एवढेच मोजून पाहावे: माझ्या ताटात किती पदार्थ आहेत, त्यासाठी कोणाचे हात राबले, आणि माझ्याबरोबर जेवायला कोण बसले आहे. उत्तरे घरातल्या घरात, एकमेकांशी बोलून शोधावीत.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या सर्वांच्या घरांवर आणि पानांवर असो.

– आपले प्रमुख धर्मगुरू