एकमत आणि गोळीचे पाकीट

गेल्या पावसाळ्यात हैदराबादहून माझ्या भाचीचा फोन आला. लग्नाला तीन वर्षे झालेली, पदरी नऊ महिन्यांचा मुलगा. "मामा, तुम्ही शास्त्राचे भाषांतर करता, म्हणून तुम्हालाच विचारते," असे म्हणून ती क्षणभर थांबली. आठवड्यापूर्वी तिने संततिप्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या होत्या. सकाळी मळमळते, डोके जड होते. ते अंगावर काढता येईल, पण मनातला काटा निघत नाही. हे पाप तर नव्हे? आणि शेवटी अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ह्यांना अजून सांगितलेले नाही."

शरीराचे आधी सांगतो, कारण पुष्कळदा शरीराची भीतीच विवेकाचा आवाज घेऊन बोलते. पहिल्या दोनतीन महिन्यांत मळमळ, डोकेदुखी, दोन पाळ्यांच्या मध्ये थोडे रक्त दिसणे हे अनेकींना होते व बहुधा आपोआप ओसरते. गोळी रात्री जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी जाणवते. ही देवाने दिलेली शिक्षा नव्हे. मात्र वाढलेला रक्तदाब, पूर्वी कधी झालेली रक्ताची गुठळी, डोळ्यांपुढे लकाकी येऊन उठणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतरचे धूम्रपान, यांपैकी काही असेल तर ही गोळी योग्य नसते. बाळ सहा महिन्यांच्या आतले व अंगावर पिणारे असेल तरीही ती घेऊ नये. पोटरी सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखून धाप लागली, तर प्रार्थना करीत करीतच, परंतु त्याच तासाला, दवाखाना गाठावा. भाचीने गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणल्या होत्या. रक्तदाब कोणी पाहिलाच नव्हता. तो आधी तपासून घे, असे मी तिला बजावले.

आता शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन अशा वेळी हुकूम म्हणून ऐकवले जाते. मूळ इब्रीत क्रियापदे आज्ञार्थी आहेत हे खरे; परंतु त्या वचनाची सुरुवात आशीर्वादाने होते, आणि फलद्रूप होण्याचे तेच शब्द बाविसाव्या वचनात जलचरांनाही उद्देशून आले आहेत. आपणही नव्या जोडप्याला "सुखी राहा" म्हणतो तेव्हा आज्ञार्थच वापरतो. हुकूम सोडत नाही. ओनानाची गोष्टही अशीच ओढूनताणून लावली जाते. मृत भावाच्या पत्नीविषयीचे दिराचे कर्तव्य त्याला टाळायचे होते. तामारेचा उपभोग घ्यायचा, पण तिचा हक्क द्यायचा नाही, हा त्याचा अपराध. दमलेल्या आईने दुसऱ्या बाळंतपणापूर्वी दोन वर्षे मागावी, याच्याशी त्याचा काय संबंध?

मंडळीचा इतिहास या बाबतीत एकसुरी नाही. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १९२० साली कृत्रिम साधनांना विरोध केला आणि १९३० साली मर्यादित मोकळीक दिली. रोमन कॅथॉलिक मंडळीत पोप पॉल सहावे यांनी, आपल्याच आयोगातील बहुसंख्यांचे मत बाजूला ठेवून, १९६८ च्या परिपत्रकात गोळीस नकार दिला. ती शिकवण मानणाऱ्या बंधुभगिनींचा विवेक मी हलका लेखत नाही. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि पुढे ह्याच मतांमुळे त्यांना एका मिशनरी महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

गोळीने जीव मरतो काय, ही भाचीची खरी भीती होती. ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडू देत नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट करते. गर्भाशयाचे अस्तरही पातळ होते, हे खरे. परंतु त्यामुळे फलित बीज नष्ट होते, असा प्रत्यक्ष पुरावा मिळालेला नाही. ज्याला एवढ्या शंकेनेही स्वस्थता लाभत नाही, त्याने दुसरा उपाय निवडावा. त्याच्यावर हसू नये.

परंतु माझे मन अडकले ते तिच्या शेवटच्या वाक्यात.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार सांगतो, ते पुरुषांना तोंडपाठ असते. त्याच वचनाचा उत्तरार्ध पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार सांगतो. तो पाठ असलेला पुरुष मला क्वचितच भेटला. पुढच्या वचनात, दोघांनी काही काळ दूर राहायचे तर कसे, हे सांगताना "सिंफोनोस" हा ग्रीक शब्द येतो. स्वर जुळणे हा त्याचा मूळ अर्थ. आमच्या समितीत येथे "संमती" घ्यावा की "एकमत", यावर दोन दिवस वाद झाला. संमती एकाने मागायची व दुसऱ्याने द्यायची असते. एकमतासाठी दोघांनाही बोलावे लागते. मी "एकमत"चा आग्रह धरला.

हे २००२ साल. त्याच वर्षी, धाकटीच्या जन्मानंतर, माझ्या पत्नीने गोळ्या सुरू केल्या. तिने सांगितले, मी "बरं" म्हणून पुन्हा कागदांत डोके घातले. चार महिने तिचे डोके दुखत होते, हे मला कळले ते मेहुणीकडून.

म्हणून भाचीला मी पापपुण्य सांगण्याआधी विचारले, "का सांगितले नाहीस?" नवरा रागावणारा नाही, ती म्हणाली, पण सासूबाईंना दुसरे नातवंड लवकर हवे, आणि तो आईपुढे बोलत नाही. जेथे सत्य सांगितल्याने मारहाण ओढवेल, तेथे कोणत्याही स्त्रीला "आधी पतीला सांग" असा उपदेश मी करणार नाही. तेथे लपवण्याचा दोष लपवायला लावणाऱ्याचा. तिच्या घरी तसे नव्हते. तेथे केवळ संकोच होता, आणि संकोचाने लपवलेली गोष्ट घरात कुजते. "आईशी बोलायचे ते त्याने बोलावे," मी म्हणालो, "पण त्याला तू आज सांग, पोरी."

चार दिवसांनी फोन आला तो भाचेजावयांचा. इकडचेतिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "मामा, ह्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या वेगळ्या रंगाच्या का?" त्या लोहाच्या असतात, असे मी सांगितले. "शनिवारी डॉक्टरांकडे जातोय," ते म्हणाले, "दोघेही."