बोलावलं कुणी?

पुण्याच्या हडपसरमध्ये बिबट्या दिसला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी तावातावाने म्हणतं, "जंगलातलं जनावर गावात शिरतंच कसं? वनखातं झोपलंय का?" आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक हळवा संदेश फिरू लागतो: तो आपल्या घरात आलेला नाही, आपणच त्याच्या घरात घुसलो आहोत. ऑक्टोबर 2021 मध्ये साडेसतरानळी भागात पहाटे फिरायला निघालेल्या एका माणसावर बिबट्याने झडप घातली, तेव्हाही ही दोन्ही वाक्यं ऐकली. त्याआधी फेब्रुवारी 2019 मध्ये शेजारच्या केशवनगरात बिबट्या शिरला, काहींना जखमी केलं आणि शेवटी बेशुद्ध करून पकडला गेला, तेव्हाही हेच. पहिलं वाक्य रागाचं, दुसरं पश्चात्तापाचं. मला दोन्ही पटत नाहीत. त्यातही दुसरं अधिक खटकतं, कारण ते म्हणणाऱ्याला एकदम हलकं वाटतं आणि पुढे काही करावं लागत नाही.

हडपसरला जंगल होतं कुठे? जुन्या माणसांना विचारा. ते मळ्यांची नावं सांगतील, विहिरींची सांगतील, कालव्यावर पोहायला कुठे जायचो ते सांगतील. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी इकडच्या जमिनींना मिळालं आणि हडपसर-मांजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. तुपे, मगर, ससाणे मंडळींनी पिढ्यानपिढ्या इथे ऊस आणि भाजीपाला काढला. पुढे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली, तीही मळ्यांवर. एखादं राखीव वन तोडून नव्हे.

मग बिबट्या इथे का? उसामुळे. बारा-चौदा महिने उभं राहणारं, आत माणूस क्वचित शिरतो असं दाट पीक. पायाशी पाटाचं पाणी. बांधावर डुकरं, वस्तीवर शेळ्या आणि कुत्री. मादीला पिल्लं घालायला याहून सुरक्षित जागा कुठली? पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या झाल्या. त्यांनी डोंगरातलं घर सोडलेलं नाही. त्यांचं घर आपण लावलेल्या पिकात आहे. तेव्हा प्राण्यांचा सातबारा शोधत बसण्यात अर्थ नाही. मूळ मालक कोण आणि घुसखोर कोण, हा वाद इथे लागूच होत नाही. विचारायचं ते इतकंच की त्याला बोलावलं कुणी.

"आम्ही थोडंच बोलावलं?" असं कुणी म्हणेल. मुद्दाम नाही बोलावलं, हे खरं. पाणी अडवलं ते शेतीसाठी, ऊस लावला तो पोटासाठी, उरलेलं अन्न टाकलं ते घर स्वच्छ राहावं म्हणून. यातलं काहीच पाप नाही. पण ज्या व्यवस्थेचा लाभ आपण घेतला, तिच्यातून जे जीव आले, त्यांचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिता येत नाही. हेतू नव्हता एवढ्यावर सुटका होते ती कोर्टात, तीही कधीकधीच.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबाने 87 टक्के अन्न पाळीव आणि गावठी प्राण्यांचं निघालं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. हा आकडा घेऊन हडपसरमध्ये रात्री एक फेरी मारावी. कालव्याच्या कडेला चिकनच्या दुकानातून आलेल्या काळ्या पिशव्या पडलेल्या असतात. पिशवीची गाठ कुत्रं दातांनी सोडत नाही, पुढच्या पायाने दाबून मधोमध फाडतं. एक आलं की पाच येतात. मग त्या पाचांची पिल्लं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी-फुरसुंगीच्या डेपोत गेला, रामटेकडीला प्रक्रिया प्रकल्प आले, वर घारी आणि खाली कुत्री हे दृश्य इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलं. त्या पिशवीपासून बिबट्यापर्यंत अंतर फार नाही. मधे फक्त कुत्रं आहे.

हडपसर सोडून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागतं. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा, आणि थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी मोठाल्या लेन्सा घेतलेली मंडळी. इथे चक्रवाक येतात, थापट्या येतात, मध्य आशियातून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. चित्रबलाक उथळ पाण्यात उघडी चोच बुडवून, ती हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत मासा चाचपतात. हळदीकुंकू बदकांच्या जोड्या असतात. आणि शेकाटे तर इतके, की त्यांच्या लांब गुलाबी पायांचं कुंपणच पाण्यात रोवलंय असं वाटावं.

फोटोत हे सारं फार सुंदर दिसतं. फोटोत वास येत नाही. बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत असतात, पावसाळ्यात वाहून आलेल्या पिशव्या झुडपांना लटकलेल्या असतात, जलपर्णीचे तराफे काठाला लागलेले. शेकाट्या त्या फेसाच्या कडेने चालतो आणि गाळात सुईसारखी चोच खुपसतो. त्याला मिळतात त्या तांबड्या अळ्या. मैलापाण्याच्या गाळात प्राणवायू कमी झाला की बाकीचे बरेच जीव मरतात, पण या अळ्या तगतात, वाढतात, आणि त्यांच्यावर शेकाटे पोसले जातात. म्हणजे पक्षी आहेत म्हणून नदी बरी आहे, असं नाही. काही ठिकाणी तर नदी बिघडली आहे म्हणूनच ते इतके आहेत. शेकाट्यांची गर्दी मोजायला सोपी असते. गाळाखाली संपलेल्या माशांची, शिंपल्यांची मोजणी कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाही. त्यांच्या जागी चिलापीसारखा बाहेरून आणलेला, काहीही खाऊन जगणारा मासा उरतो.

इथेही बोलावणं आपलंच आहे. पुण्याचं सांडपाणी म्हणजे या पाखरांसाठी मांडलेलं ताट. ते येतात, खातात, आणि आपण त्यांच्या येण्याला प्रशस्तिपत्र समजतो. "बघा, अजून येतात ना!" हे वाक्य मी चांगल्या, संवेदनशील माणसांकडून ऐकलं आहे आणि मला त्याचं दुःख होतं. एखादा जीव सोसतो, म्हणून त्याला ते चालतं असं ठरवणं फार सोयीचं आहे. मोलकरीण तक्रार करत नाही म्हणून पगार पुरेसा आहे असं मानणारी घरं आपण पाहिलेली आहेत.

जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून शहरात 11 नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं उभारण्याची योजना 2016 पासून चालू आहे. नदीकाठ सुशोभित करण्याच्या 44 किलोमीटरच्या प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं. माझ्या मते आधी पाणी, मग काठ. चिखलाचा उतरता काठ गेला आणि दगडी भिंत आली, तर शेकाट्याने उभं राहायचं कुठे? चालायच्या रस्त्याला माझा विरोध नाही. नदीच्या कडेने चालावं असं मलाही वाटतं. पण पाहुण्याचं ताट आधी धुवावं, पडदे मग बदलावेत.

बिबट्याच्या बाबतीत सगळ्यांत लोकप्रिय उपाय म्हणजे पिंजरा. पकडा आणि लांब सोडून द्या. जुन्नरला हे करून झालं आहे. 2001 पासून तिथले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर आपली जागा शोधत भटकतं. जुन्नरकरांनी त्यातून धडा घेतला. आता ऊसतोडणीच्या वेळी फडात बछडे सापडले, तर पुष्कळदा माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर येऊन ते तपासतात आणि अंधार पडायच्या आत त्याच शेतात एका क्रेटमध्ये ठेवून सगळे लांब होतात. रात्री मादी येते. पंजाने क्रेट आडवी करते, पिल्लाला मानेला धरते आणि निघून जाते. पिल्लं हरवलेली मादी गावभर हिंडण्यापेक्षा हे सर्वांच्या भल्याचं, हे तिथल्या शेतकऱ्यांनीही मान्य केलं आहे.

पण इथे थांबलो तर मी त्या हळव्या संदेशाचीच मोठी आवृत्ती लिहिली असं होईल. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुलं होती. लोक महामार्गावर उतरले आणि अखेर त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या आईने मूल गमावलं तिला सहजीवन शिकवण्याचा अधिकार दहाव्या मजल्यावरच्या माणसाला नाही. साखर आपण सगळे खातो, धोका मात्र ऊस तोडणारी बाई घेते, कोपीत झोपवलेलं तिचं लेकरू घेतं, आणि शेतीपंपाला वीज रात्री येते म्हणून काळोखात दारं धरायला जाणारा शेतकरी घेतो. बिबट्या असलेल्या गावांत दिवसा वीज द्या, ही मागणी कित्येक वर्षांची आहे. शहरातल्या प्राणिप्रेमींनी ती कधी आपली मागणी म्हणून मांडली का? मांडायला हवी. बोलावणं सगळ्यांचं असेल तर जोखीमही वाटून घ्यायला हवी.

शहरात येणाऱ्या जनावराशी आपण कसं वागतो, ते कोथरूडने 9 डिसेंबर 2020 ला दाखवलं. वाट चुकलेला एक गवा महात्मा सोसायटीत आला. बघ्यांनी, मोबाइलवाल्यांनी, पाठलागाने तो इतका बिथरला की धावून धावून दमला, आणि पकडल्यानंतर मेला. त्याने कुणाचाही जीव घेतला नव्हता. हडपसरमध्ये बिबट्या दिसला तर गर्दी न करता 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करावा, इतकं तरी त्या दिवसातून शिकायला हवं.

मांजरीकडे अजून उसाचे काही फड उभे आहेत. त्यांच्या मधे टॉवर येत आहेत. फड कमी होतील तसा आडोसा कमी होईल, कचरा आणि कुत्री मात्र वाढतील, आणि मधल्या वर्षांत गाठीभेटी वाढतील हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत कुंपणाच्या उंचीवर आणि कॅमेऱ्यांवर तास-दीड तास बोलणं होतं. ओला कचरा आवारातच जिरवणं, मागच्या गल्लीत टाकल्या जाणाऱ्या मांसाच्या पिशव्या, कुत्र्यांची नसबंदी, मागच्या भिंतीशी दिवा यांना मिळून पाच मिनिटं मिळत नाहीत. यंदा हे विषय पहिले घ्यावेत, असं मी अध्यक्षांना लेखी दिलं आहे.